गव्हाळीची पंचवीस लेकरं

५ मार्च १९८४, सोमवार

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मेंढमाळ बेटावर पाय ठेवला. औरंगाबादेहून सहाची गाडी, पैठणपासून जीप, मग नावेत सव्वा तास. नावाडी पुंजाराम, वय सत्तावीस, अंगानं बळकट, वल्हं मारता मारता बोलायची सवय. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं गाव बुडालं आणि मेंढरं चारायचा हा माळ तेवढा वर राहिला. ज्यांना लेकरं होती ती घरं शाळेसाठी नव्या वसाहतीत गेली. अठरा घरं इथंच राहिली. पाणी आम्हाला विचारून आलं का, मग आम्ही कुणाला विचारून जावं, असं पुंजाराम म्हणाला आणि आपणच हसला.

धक्क्यावर सगळं बेट उभं होतं. बायांनी पायावर पाणी घातलं, नारळ फोडला. दगडाबाई म्हणून पासष्टीची सुईण आहे. तिनं माझा उजवा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. हाच का रे लिहायचा हात, असं विचारलं. हाच, म्हटलं. मग तिनं तळव्यावर गूळ ठेवला.

एवढा मान आजवर कुठं मिळाला नाही, हे इथं तरी कबूल करतो. ऑर्डर देताना साहेब म्हणाले होते, की या लोकांनी अर्ज करून माझंच नाव मागितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत असं दुसऱ्या कुणाचं झाल्याचं मी ऐकलं नाही. माझं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून चौथी. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली आणि माझी सुटली. मराठी मी दुकानांच्या पाट्यांवरून आणि औषधाच्या चिठ्ठ्यांवरून शिकलो. आज आमच्या आरोग्य केंद्रात माझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही. माझ्या नोंदवहीत खाडाखोड सापडत नाही आणि खोटा आकडा तर नाहीच नाही.

७ मार्च, बुधवार

खोली दहा बाय बारा. पत्रा, एक खिडकी पाण्याकडं. सामान मोजून लावलं: निरोधाची खोकी दोन, पाळणा लांबवायच्या गोळ्यांची पाकिटं साठ, लोहाच्या गोळ्या दोन डबे, लटकता वजनकाटा एक, पंचवीस किलोपर्यंतचा, खाली कापडी झोळी. दोन किलोचं माप टांगून काटा तपासला. बरोबर दोन.

बायांचं तपासणं, तांबी बसवणं हे कस्तुराबाई सिस्टरचं काम. ती दर दुसऱ्या मंगळवारी नावेनं येणार. पुरुषांशी बोलणं, गोळ्या वाटणं आणि सगळं लिहिणं माझं. आजवर इथं कुणी राहायला आलंच नव्हतं. मागच्या श्रावणात भागूबाई नावाची सून अंगावरून जाऊन जाऊन पांढरी पडली. वारं होतं म्हणून नाव सुटली नाही. ती गेली. अशांसाठीच मी आलोय, असं सगळ्यांना बसवून सांगितलं. माना हलल्या.

निरोध मात्र कुणी नेत नाही. पुंजाराम म्हणाला, आम्हाला कशाला ते, तुमच्या लोकांनी आमचा पुरता बंदोबस्त करून ठेवलाय की. त्याचं लग्न झालेलं नाही. का नाही म्हणून विचारलं, तर पाण्यातल्या माणसाला पोरगी कोण देतंय, म्हणाला. रोज संध्याकाळी माझ्याकडं चहाला येतो. गडी मनानं चांगला आहे.

१३ मार्च, मंगळवार

पात्र जोडप्यांची नोंदवही पूर्ण केली. दहा जोडपी. दहाही पुरुषांची नसबंदी झालेली, सगळ्यांची एकाच दिवशी, डिसेंबर शहात्तरच्या कॅम्पात. सात वर्षांत बेटावर एकही बाळंतपण नाही. रकान्यात शून्य लिहिलं. असं शून्य अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं असेल का. अहवालात तसं अभिमानानं लिहिलं.

सिस्टर आज आली. अबोल बाई, पण हात हलका. बाया तिच्यापाशी मोकळ्या झाल्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, सगळं सांगितलं. माझ्याकडं मात्र सगळे पुरुष एकच गोष्ट विचारायला आले, एकेकटे, दुसऱ्याला कळू न देता. पहिला कडूबा आला; त्याची बायको म्हाळसाबाई. बांधलेली नस परत जोडता येती का. मी सांगितलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जोडतात, सगळ्यांचीच जुळते असं नाही. तो म्हणाला, बरं. उठला नाही. अर्ध्या तासानं उठला.

२० मार्च, मंगळवार

आज एक विसंगती सापडली. काटेरी कुंपणावर लहान मुलांचे कपडे वाळत होते. सदरे, झगे, एक लाल लंगोट. मोजले. पंचवीस. म्हाळसाबाईला विचारलं, कुणाचे. लेकरांचे, म्हणाली. कुठली लेकरं? मेंढरांमागं गेलीत, म्हणाली आणि धुणं झटकत राहिली.

मला फार लागलं. मी शून्य लिहिलंय. यांनी पाहुण्यांची पोरं आणून ठेवली असतील किंवा माझ्यापासून लपवली असतील. दोन आठवडे यांच्या दारचा चहा पितोय आणि एकानं तोंड उघडलं नाही. पुंजारामला जाब विचारला. तो पाण्याकडं बघत म्हणाला, हायत की. मोजा ना तुम्ही, तुमचं कामच हाय ते.

दुपारी माळावर जाऊन आलो. मेंढरं होती. मागं कुणी नव्हतं.

२ एप्रिल, सोमवार

दहाही घरांच्या चौकटींवर कोळशाच्या आडव्या रेघा आहेत, लेकराची उंची मोजतात तशा. वर्षाला एक. टेप घेऊन गेलो. म्हाळसाबाईच्या चौकटीवर थोरल्याची सगळ्यात खालची रेघ दोन फूट अकरा इंचांवर. त्याच्याखाली काही नाही. मी विचारलं, हे उभं राहायला लागलं तेव्हापासूनच्या रेघा का नाहीत. ती म्हणाली, आलं तवाच येवढं होतं.

अकराव्या घरात, म्हणजे पुंजारामच्या, दोन लेकरांच्या रेघा आहेत. त्याला बायको नाही.

१० एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते मी पाहिलं तसंच लिहितो.

दगडाबाईनं निरोप दिला, की लेकरांची वजनं घ्यायचीत, सिस्टर आलीच आहे. बरं झालं, म्हटलं, एकदाची समोर येतील. काटा लिंबाच्या फांदीला टांगला. बाया ओळीनं उभ्या राहिल्या. हात खाली, बाजूला धरलेले, जसं लेकराचं बोट धरतात तसे. लेकरू एकही नाही.

म्हाळसाबाई पुढं आली. वाकली, उचलल्यासारखं केलं, झोळीत ठेवल्यासारखं केलं. काटा खाली गेला. एकवीस किलो दोनशे. झोळी ताणली गेली होती आणि हळूहळू फिरत होती.

मी झोळी काढून काटा तपासला. दोन किलोचं माप, दोन किलो. परत लावली. पुन्हा एकवीस दोनशे. सिस्टरनं झोळी धरून थांबवली, सवयीनं, माझ्याकडं न बघता. म्हणाली, लिहा.

मी लिहिलं. चोवीस वजनं लिहिली. दगडाबाई एकेकाचं वय सांगत गेली आणि पोरगा की पोरगी ते. नावं नाहीत, म्हणाली. नाव घालणाऱ्याची वाट पाहतोय.

शेवटी तिनं रिकामी झोळी धरली आणि कुणीच पुढं आलं नाही, तरी काटा उतरला. सतरा किलो पाचशे. ही कुणाची, विचारलं. तुझं तुला ठाऊक, त्रिंबका, म्हणाली. घरं अकरा, लेकरं चोवीस. पंचविसावं मी लिहिलं नाही.

११ एप्रिल, बुधवार

कालची यादी समोर घेऊन बसलो. वयं दहा-आठ, अकरा-नऊ, दहा-आठ, अकरा-नऊ. मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा. दोन घरांत तिसरं, सात वर्षांचं.

ही मांडणी माझी आहे.

मागं लिहिलं, की खोटा आकडा नाही. ते खोटं आहे. डिसेंबर शहात्तरचा कॅम्प, नदीपलीकडच्या शाळेत. साहेबांना संध्याकाळपर्यंत आकडा गाठायचा होता. ट्रकमधून माणसं उतरवली. नव्या लग्नाची पोरं, काहींना मूल नाही, काहींचं लग्नही नाही. नियम होता, निदान दोन जिवंत अपत्यं हवीत. साहेब म्हणाले, त्रिंबकराव, तुमच्या अक्षरावर कुणी शंका घेणार नाही. मी लिहिलं. नुसतं दोन लिहून चालत नाही, तपशील लागतो, नाहीतर वरच्या तपासणीत पकडतात. म्हणून मी पद्धत ठरवली. तीन-एक, चार-दोन, परत तीन-एक. दोन अर्जांवर सहा महिन्यांचं तिसरं टाकलं, खरं वाटावं म्हणून. माणसांना सांगितलं, की हा जागेचा कागद आहे, अंगठा द्या. तेही मीच सांगितलं.

त्या गठ्ठ्यावर गावाचं नाव होतं मौजे गव्हाळी. मेंढमाळ हे नाव कागदावर कुठंच नव्हतं. सकाळी कडूबाला विचारलं, बुडालेल्या गावाचं नाव काय. गव्हाळी, म्हणाला. तुम्हाला न्हाई ठाऊक?

अकरा अर्ज. अकरावा एकोणीस वर्षांच्या पोराचा होता. अंगठा देताना तो हसून म्हणाला होता, मला कशाची दोन लेकरं, मिसरूड तर फुटू द्या. पुंजाराम. महिनाभर तो माझा चहा प्यालाय.

१२ एप्रिल, गुरुवार

साहेबांना पत्र लिहिलं. सगळं नाही. एवढंच, की प्रकृती बरी नाही, बदली करावी, आणि इथल्या लेकरांच्या जुन्या नोंदी तपासाव्यात. पुंजारामच्या हाती दिलं. त्यानं पाकीट उन्हात धरून पाहिलं आणि खिशात घातलं.

खोलीच्या उंबऱ्यावर ओल्या पावलांचे ठसे आहेत. माझ्या वितीएवढे. भर दुपारी, आणि दार आतून लावलेलं.

२४ एप्रिल, मंगळवार

साहेबांचं उत्तर सिस्टरनं आणलं. जसंच्या तसं उतरवतो. ‘आपण स्वतः भरलेल्या व सही केलेल्या अर्जांनुसार सदर गावच्या अकरा रहिवाशांची चोवीस अपत्ये हयात आहेत. ती नाहीत असे आपले म्हणणे असल्यास आपण शासनास खोटी माहिती दिली असे ठरते. सबब सदर अपत्यांना सेवा देण्यात यावी व पुढील आदेशापर्यंत मुख्यालय सोडू नये.’ खाली त्यांची सही. ज्या माणसानं मला लिहायला लावलं त्याची.

आता त्यांची बढती झालीय, असं सिस्टर म्हणाली. मग तिनं दुसरा कागद काढला, गावानं केलेल्या अर्जाची नक्कल. ‘ज्यांनी आमच्या लेकरांची नोंद केली त्यांनीच येऊन पुढची नोंद करावी.’ खाली अकरा अंगठे. अक्षर सिस्टरचं. मी विचारलं, तुम्ही का लिहून दिलंत. ती म्हणाली, मी पुंजारामची थोरली बहीण. गव्हाळीचीच. त्या दिवशी ट्रक सुटला तेव्हा मी नर्सिंग शिकायला औरंगाबादेत होते. नसते तर त्याला चढू दिलं नसतं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग बरा वाटला असता. बायांच्या गोळ्या माझ्या हवाली केल्या, कोणाला किती त्या समजावल्या आणि गेली. मी नावेत चढायला गेलो, तर पुंजारामनं वल्ह्यानं नाव लोटली. एवढंच म्हणाला, तुमचं मुख्यालय हेच की.

२९ एप्रिल, रविवार

पाणी चार फूट उतरलं. बेटाभोवती अर्धा मैल गाळ. नाव चालत नाही आणि माणूस कमरेपर्यंत रुततो. पुंजारामनं नाव वर ओढून पालथी घातली. पाऊस पडला की बघू, म्हणतो. आता चहाला येत नाही.

गव्हाळी वर येतेय. भिंतींची टोकं, शाळेचा चौथरा, पाराचे दगड. गाळात तिकडून इकडं येणारी पावलं उमटलीत. इकडून तिकडं जाणारं एकही नाही.

जेवण वेळेवर येतं. तेही चांगलं. दार उघडलं की ताट ठेवलेलं असतं आणि शेजारी लहान ताटली.

३ मे, गुरुवार

आज सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. लेकरं नाहीत. मी खोटं लिहिलं. साहेबांच्या सांगण्यावरून, पण हात माझा. तुमची नस मी कापायला लावली आणि कागदावर लेकरं दिली. हात जोडले.

मग दगडाबाई म्हणाली, आम्हाला ठाऊक हाय रे त्रिंबका, सात वर्सं झाली. तू दिली तेवढीच आम्हाला मिळाली. त्येंच्यावरच जगलो. न्हाईत म्हनतोस तर खोड.

नोंदवही माझ्यापुढं ठेवली. मला वाटलं, खोडलं की सुटेल सगळं. त्यांचंही, माझंही. पहिली ओळ. म्हाळसाबाई, मुलगा, वय दहा. पट्टी धरून रेघ ओढली.

म्हाळसाबाईचा हात बाजूला धरलेला होता. तो मिटला, हळू, जसं आतलं बोट निसटावं तसा.

४ मे

तिच्या चौकटीवरच्या थोरल्याच्या रेघा नाहीत. पुसलेल्या नाहीत. नाहीतच. लाकूड नवं दिसतंय.

म्हाळसाबाई दारात बसलीय. रडत नाही. मी गेलो, तर म्हणाली, एकदा कापलंत, आता पुन्हा. एवढंच. कडूबानं मला घरापर्यंत सोडलं, हाताला धरून, आजारी माणसाला सोडतात तसं.

परत लिहिलं. तेच, त्याच ओळीवर, माझ्या चांगल्या अक्षरात. काटा टांगला. तिनं झोळी धरली. शून्य. तीनदा पाहिलं. शून्य—

६ मे

चोवीस होती. आता तेवीस. आणि एक.

ते एक मला आठवलं. आठवतच होतं.

त्या संध्याकाळी एक अर्ज कमी पडला. साहेब म्हणाले, तुमचाच टाका, कागदापुरता. टाकला. त्रिंबक सोनाजी. गव्हाळीच्याच गठ्ठ्यात, बारावा. नस कुणी कापली नाही, पुंजारामची कापली, माझी नाही. अपत्यांच्या रकान्यात दोन लिहायला हात धजला नाही. घरी, फुलंब्रीला, बायको सारजाबाई होती, नऊ वर्षं मुलाची वाट बघत. मुलगी, वय एक, एवढंच लिहिलं. साहेबांनी तेवढ्यावर चालवून घेतलं.

सारजाला कधी सांगितलं नाही. तिला मूल झालं नाही. कागदावर होतं.

७ मे

दुपार. दार उघडं आहे, लावून उपयोग नाही.

सगळ्या बाया बाहेर बसल्यात. दगडाबाईचा निरोप, की खोडलेल्याच्या बदल्यात आणखी एक खोडावं लागतं, कुठलं ते तू ठरव. तेवीसांतलं एकही मी— नाही. हे मी करणार नाही. एवढी तरी माझ्यात—

खिडकीखाली गाळात पावलं थांबलेली आहेत. तेवीस जोड्या. पंचविसावी आत आलीय. फरशी ओली—

त्यानंतर

मांडीवर वजन आहे. काट्याची गरज नाही. सतरा किलो पाचशे.

केसांना गाळाचा वास. सारजासारखी कपाळावर बट. मी घाबरलो नाही, असं लिहायचं होतं—

नोंदवही उघडी. तिची ओळ मी आज लिहिली. मुलगी, वय आठ. बाप, त्रिंबक सोनाजी. नावाची जागा मोकळी. मी म्हटलं, तुझं नाव घालतो, मग जा, आईकडं जा, फुलंब्रीला—

तिनं मान हलवली. बोट ठेवलं. स्वतःच्या जागेवर नाही. बापाच्या रकान्यात—

पुंजाराम दारात उभा. मी त्याला म्हटलं, गड्या. तो बघतोय. अंगठा धोतराला पुसतोय, शाई लागल्यासारखा—

अक्षर बघा, नीट आहे. पेन माझ्या हातात आहे आणि माझ्या हातावर लहान हात. रेघ मी ओढत नाही. डावीकडून सुरू झाली. त्रिं-वरून गेली. सरळ आहे, पट्टीशिवाय. आता ब